काळा दगड, काळी माती आणि शाबूत बोटं

बीड जिल्ह्यात मूर्ती घडवायला दोन गोष्टी पूर्वापार हाताशी आहेत. पहिली धर्मापुरीला केदारेश्वराच्या बाहेरच्या भिंतींवर दिसते. चालुक्य-यादवांच्या काळातल्या तिथल्या सुरसुंदरी, म्हणजे देवांगनांच्या मूर्ती, काळ्या पाषाणात कोरलेल्या आहेत. दुसरी पोळ्याच्या आदल्या दिवशी पोरांच्या हातात दिसते. ओल्या काळ्या मातीचा बैल, एक शिंग लांब, एक आखूड, वशिंड मात्र ऐटीत.

भूगर्भशास्त्र सांगतं की या दोन्ही वस्तू मुळात एकच आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. जो थिजून टणक राहिला तो बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड. जो पुढच्या लाखो वर्षांत ऊनपावसाने कुजत, झिजत गेला त्याची झाली काळी कसदार माती, जिच्यात आज कापूस आणि सोयाबीन उभं असतं. देवळाच्या भिंतीवरची सुरसुंदरी आणि पोराच्या हातातला बैल एकाच लाव्हातून आलेत. एकीसाठी दगड फोडावा लागतो, दुसऱ्यासाठी तो निसर्गानेच आधी फोडून ठेवला आहे.

शिल्पकलेच्या दोन मूळ रीती इथूनच सुरू होतात. दगडात काढत जायचं, मातीत घालत जायचं. अंबाजोगाईला हत्तीखाना लेण्यांत जे हत्ती उभे आहेत, ते कुठून आणून ठेवलेले नाहीत. त्यांच्या भोवतीचा खडक काढून टाकला आणि हत्ती उरले. मातीत याच्या बरोबर उलटं होतं. बैलाला कान हवे असतील तर चिमूटभर माती आणून चिकटवायची, नको वाटले तर उपटायचे. मातीत शंभर वेळा मन बदलता येतं. दगडात एकदा नाक उडालं की उडालं.

मूर्तिकला शिकू बघणाऱ्यांना सुरक्षिततेचे नियम सहसा वेगळ्या कागदावर मिळतात. चष्मा लावा, मास्क लावा, हात धुवा. कला एकीकडे, काळजी दुसरीकडे. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. या कामाचं शास्त्र जितकं वाचावं आणि बघावं तितकी एक गोष्ट पक्की होत जाते, आणि तिचं मला अजून नवल वाटतं. ज्या कारणाने मूर्ती तडकते, बहुतेक वेळा त्याच कारणाने मूर्तिकाराला इजा होते. चांगला घाव आणि सुरक्षित घाव हे दोन वेगळे घाव नसतात. हे खरं आहे का, ते मातीपासून तपासू.

उन्हाळ्यात बीडकडच्या काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. पहिला मोठा पाऊस झाला की त्या मिटतात. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याची रचना अतिशय पातळ पापुद्र्यांची, आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधोमध शिरून बसतं. पाणी आत आलं की माती फुगते, गेलं की आकसते. म्हणून नुसत्या काळ्या मातीचा बैल दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवला की त्याच्या पोटावर रानातल्यासारख्याच भेगा उमटतात. रान आणि बैल एकाच नियमाने तडकतात.

कुंभाराला हे खनिजाचं नाव न घेता ठाऊक असतं. तो मातीत घोड्याची लीद, राख, भुसा मिसळतो. लिदीतले बारीक तंतू मातीला आतून धरून ठेवतात, त्यामुळे आकसताना ताण एका जागी साठत नाही. भट्टीत गेल्यावर हेच तंतू जळून जातात आणि त्यांच्या जागी सूक्ष्म वाटा उरतात, ज्यांतून वाफेला बाहेर पडता येतं. एकाच मुठीत दोन कामं.

हे ज्ञान इथे किती जुनं आहे याचा लेखी पुरावा आहे. बाराव्या शतकात हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्यांची राजधानी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात धातूची मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, मग मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. लेपाच्या मातीत काय घालायचं तर जाळलेला तूस, बारीक कातरलेला कापूस आणि थोडं मीठ. पहिला लेप पातळ द्यायचा आणि सावलीत वाळवायचा. राजाचा कापूस आणि कुंभाराची लीद एकच काम करतात. सावलीचा नियमही तोच. बाहेरचा भाग आधी वाळला आणि आतला ओला राहिला की बाहेरचा आकसतो, आतला आकसत नाही, आणि मधे फट पडते. सावलीत दोन्ही बरोबरीने वाळतात.

आता भट्टी. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते. मूर्ती भरीव असेल आणि तिच्या पोटात चमचाभर ओल राहिली असेल, तर १०० अंश सेल्सिअस ओलांडताच ती वाफ बाहेर पडायला वाट शोधते. वाट मिळाली नाही तर मूर्ती फुटते आणि तिचे तुकडे शेजारच्या मूर्तींना, कधी भट्टीजवळच्या माणसाला लागतात. भट्टी आणखी तापली की, साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान, मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेलं पाणीही निघून जातं. त्यानंतर ती माती पुन्हा कधी चिखल होत नाही. कुंभाराच्या प्रत्येक भट्टीत हा न परतणारा बदल घडतो आणि आपण त्याला नुसतं ‘भाजणं’ म्हणतो!

म्हणून शिकणाऱ्याचा पहिला नियम असा की भाजायची मूर्ती पोकळ करा, भिंती शक्यतो सारख्या जाडीच्या ठेवा आणि हवेला एक छिद्र ठेवा. हे कसं करायचं ते बघायला बीडच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला जावं. प्राचीन तगर हे नगर ते हेच. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. त्यांतल्या अनेक केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत दाबून केलेल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही अर्धे जोडायचे, आत पोकळी. केओलिनच्या पापुद्र्यांत पाणी शिरत नाही, त्यामुळे ती काळ्या मातीइतकी फुगत-आकसत नाही. खनिजशास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधी या कारागिरांनी हातांनी चाचपून माती निवडली होती. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईला १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीच्या घराण्यातली आहे, हेही जाता जाता सांगतो. मराठवाड्यातल्या कारागिरांच्या हाताचं काम रोमन जगापर्यंत पोचत असावं, आणि आपल्यातल्या कितीजणांनी ते संग्रहालय बघितलं आहे?

जोडाकडे परत येऊ. कान, हात, सोंड असे अवयव नुसते चिकटवले तर वाळताना गळून पडतात. दोन्ही बाजू टोकदार काडीने खरवडायच्या, त्यावर त्याच मातीचा पातळ चिखल लावायचा आणि दाबून किंचित फिरवायचं. दोन्ही बाजूंची ओल सारखी हवी. वाळलेल्या धडाला ओला हात लावला की तो टिकत नाही.

या टप्प्यावर माणसाला धोका काय? रानातून, ओढ्यातून आणलेल्या मातीत काच, गंजलेली तार, बाभळीचा काटा असतो. त्याने बोट कापतं आणि मातीत धनुर्वाताचे जंतूही असतात. म्हणून माती भिजवून पातळ करून चाळणीतून गाळावी. गाळलेली माती मऊ लागते, तिच्यात खडा नसतो, आणि खडा नसला की वाळताना त्याच्याभोवती तडाही जात नाही. एकाच चाळणीने बोट आणि बैल दोन्ही वाचतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. आणि काम झाल्यावर वाळलेली माती झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. का, ते दगडाकडे आल्यावर कळेल.

त्याआधी प्लास्टर ऑफ पॅरिसबद्दल बोललंच पाहिजे, कारण शाळेच्या कार्यशाळांत साचे घ्यायला तेच वापरलं जातं आणि ते निरुपद्रवी दिसतं. जिप्सम नावाचं खनिज तापवून त्यातलं बरंचसं पाणी घालवलं की प्लास्टरची पूड होते. तिच्यात पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि दहा-वीस मिनिटांत दगड तयार होतो. जे पाणी घालवायला उष्णता द्यावी लागली होती, ते परत घेताना पूड ती उष्णता बाहेर टाकते. थोड्या प्लास्टरमध्ये ती नुसती कोमट लागते. मोठ्या ढिगात मात्र तापमान ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं. २००७ साली इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हातांचा साचा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत घातले. प्लास्टर घट्ट झालं, हात निघेनात आणि आतली उष्णता वाढत गेली. तिने बहुतेक सगळी बोटं गमावली.

ही बातमी प्रत्येक कलाशिक्षकाला माहीत असायला हवी. हाताचा, पायाचा, चेहऱ्याचा साचा थेट प्लास्टरमध्ये कधीच घ्यायचा नाही. प्लास्टर कालवायची रीतही आहे. भांड्यात आधी पाणी घ्यायचं आणि त्यावर पूड हळूहळू भुरभुरायची. पाण्यावर छोटी बेटं दिसायला लागली की थांबायचं, मग हलकेच ढवळायचं. उलट केलं, म्हणजे पुडीवर पाणी ओतलं, तर गुठळ्या होतात, हवा अडकते आणि साच्यात छिद्रं पडतात. पूड जोरात ओतली तर ती उडून नाकात जाते. इथेही चांगली रीत आणि सुरक्षित रीत एकच. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतायचं नाही, पाइपात त्याचा दगड होतो.

सिमेंटही असंच फसवं. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर यांनी सिमेंटसारख्या रुक्ष पदार्थातून माणसं आणि जनावरं अशी घडवली की जवळ जाऊन हात लावून बघावंसं वाटतं. त्यांच्या घरातलं संग्रहालय आजही बघता येतं. पण ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं. हाताला लागलं तेव्हा काही वाटत नाही, काही तासांनी कातडी सोलते. रबरी हातमोजे हवेतच. फायबरचे पुतळे गावोगाव होतात, पण त्यातली राळ, तिचा वास, आणि ती घट्ट करणारी रसायनं घरी किंवा शाळेत शिकायची नव्हेत. त्यातलं उत्प्रेरक आणि त्वरक एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो. ते काम अनुभवी कारखान्यासाठी सोडावं.

आता दगड. पूर्वी गल्लीत हाळी यायची आणि बायका घरातला पाटा, जातं बाहेर आणून ठेवायच्या. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर टाकी लावणारी बाई उकिडवी बसून टक्-टक् ठोके घालत जायची आणि थोड्या वेळात पाट्यावर एकसारख्या खळग्यांची नक्षी उमटायची. मला वाटतं, दगडकामाचा याहून चांगला पहिला धडा नाही. सारखं अंतर, सारखी खोली, सारखा जोर. ज्याला पाटा नीट टाकवता येतो, त्याच्या हाताला दगड कळू लागला. पाथरवट आणि वडार समाजांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या अंगाखांद्यावर वाहिलं, आणि त्याला आपण कलेच्या पुस्तकात जागा दिली नाही.

दगड निवडताना आधी ऐकायचा. हातोडीने हलका ठोका मारला आणि खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध आहे. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी चीर आहे, आणि ठोक्याची कंपनं तिथे अडतात. जुन्या शिल्पशास्त्रात दगडांची पुरुष, स्त्री आणि नपुंसक अशी वर्गवारी होती, आणि ती करताना आवाजाला मोठं स्थान होतं. बद्द दगड मूर्तीला नको, कारण तो ऐन नाकाशी फुटेल. तोच दगड माणसालाही नको, कारण तो कुठे आणि कधी फुटेल याचा भरवसा नाही.

उचलतानाही हिशेब हवा. एक घनफूट काळा दगड ८० किलोच्या वर भरतो. तो कमरेतून वाकून उचलायचा नसतो, पहारीने तरफ देऊन सरकवायचा असतो. शिकणाऱ्याने दोन्ही हातांत सहज मावेल एवढाच तुकडा घ्यावा आणि वाळूच्या पोत्यावर ठेवून काम करावं. वाळू दगडाला सगळीकडून आधार देते, म्हणून तो घसरत नाही आणि ठोक्याच्या धक्क्याने खालून फुटतही नाही.

टाकी हे सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत विचारपूर्वक केलेलं हत्यार. लोहार तिच्या टोकाला पाणी देतो, म्हणजे तापवून विझवून ते कठीण करतो, आणि डोकं मात्र मऊच ठेवतो. डोकंही कठीण असतं तर हातोडीच्या घावाने त्याच्या ठिकऱ्या उडाल्या असत्या. मऊ डोकं घाव सोसतं, पण सोसता सोसता त्याच्या कडा फुलून बाहेर वळतात. या वळलेल्या कडा एक दिवस तुटतात आणि लोखंडाचा कण डोळ्याच्या दिशेने जातो. म्हणून डोकं फुललं की सहाणेवर घासून कडा काढायच्या.

टाकी धरायची कशी? सुरुवातीला दगडाच्या पृष्ठाशी साधारण ४५ अंशांचा कोन. सरळ उभी धरून मारली तर जोर थेट आत जातो, आतले स्फटिक चिरडतात आणि पांढरा डाग पडतो. तो वरून दिसतो तेवढाच नसतो. पुढे मूर्ती घोटताना तो डाग खालून पुन्हा वर येतो. शिवाय तो धक्का मनगटात परत येतो. टाकी फार आडवी धरली तर ती पृष्ठावरून घसरते, दगड सुटत नाही आणि बोटं दगडावर आपटतात. मधल्या कोनात कपची स्वच्छ सुटते आणि तुमच्यापासून दूर जाते. कडेला काम करताना टाकी नेहमी कडेकडून आत मारायची. आतून कडेकडे मारली की टोकाला आधार नसतो, कड उडते आणि तिच्या मागोमाग तुमचा हातही पुढे जातो. नजर टाकीच्या टोकावर ठेवायची, डोक्यावर नाही. हातोडी कुठे पडते ते हाताला काही दिवसांत आपोआप कळतं.

मोठा भाग काढायचा असेल तर एकाच जागी खोल खणायचं नाही. समांतर चर पाडायचे, मधे उरलेले बांध आडव्या घावाने पाडायचे, मग पुन्हा चर. लेणी कोरणाऱ्यांचीही रीत अशीच होती. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अपुरं राहिलं, आणि अशा अपुऱ्या लेण्यांनीच अभ्यासकांना ही पद्धत दाखवली. पुरं झालेलं लेणं थक्क करतं, अपुरं राहिलेलं शिकवतं. पुढे दातेरी छिन्नी, मग सपाट छिन्नी, मग घोटणं. प्रत्येक हत्यार मागच्याच्या खुणा पुसतं आणि दगड कमी कमी काढतं.

हातोडीच्या घावांत कलाकाराला एक गोष्ट न मागता मिळते, ती म्हणजे दोन घावांमधली उसंत. यंत्राने ती काढून घेतली. १९१८ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींतल्या कारागिरांना ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी तपासलं. हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी दिवसभर धरणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरीफटक आणि बधिर होत होती. अखंड कंपनांनी बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, हे तेव्हा नोंदवलं गेलं. नवशिक्याने ग्राइंडर लगेच हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घ्यावाच लागला तर त्याची जाळी काढायची नाही, आणि सैल हातमोजा किंवा कपडा फिरत्या चकतीजवळ न्यायचा नाही.

आणि आता धूळ. या साऱ्या विषयात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. कवडशात चमकणारी धूळ आपल्याला दिसते आणि तीच वाईट वाटते. पण ती बरीच मोठी असते, नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. खरा धोका ५ मायक्रोमीटरहून लहान कणांचा. आपला केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड असतो. हे कण दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. ते स्फटिकरूप सिलिकाचे, म्हणजे गारेचे असतील, तर तिथल्या रक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. या चकमकीत फुप्फुसावर व्रण पडत जातात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. वाळलेली माती झाडूने झाडायची नाही ती याचसाठी. तो बरा करणारं औषध नाही, आणि तो झालेल्या माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो.

राजस्थानात सिरोही जिल्ह्यातलं पिंडवाडा देशभरातल्या मंदिरांसाठी दगड कोरतं. तिथल्या कारागिरांत सिलिकोसिस इतका आढळला आहे की देवळं घडवणाऱ्या गावात तरुण विधवा हा नेहमीचा विषय झाला. राजस्थान सरकारने २०१९ साली या रोगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो. ते दगडासाठी म्हटलेलं आहे. कारागिराच्या फुप्फुसाने ते घाव सोसावेत असं कुणीच कधी म्हटलेलं नाही.

दगडादगडात फरक आहे, आणि तो शिकणाऱ्याने समजून घ्यावा. बेसाल्टमध्ये मोकळी गार फार थोडी, पण त्याच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक असतो. संगमरवर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. ग्रॅनाइटमध्ये पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त गार. वालुकाश्म तर बहुतेक गारेचाच. आज शिकणारे पहिला हात बसवायला सिपोरेक्सचा ठोकळा घेतात. तो हलका, मऊ, चाकूने कापला जाणारा, कुठल्याही बांधकामावर तुकडा मिळणारा. कल्पना उत्तम आहे. पण तो वाळू किंवा औष्णिक केंद्राच्या राखेपासून बनतो आणि त्या दोन्हींत गार असते. परळीचं औष्णिक केंद्र जिल्ह्यातच असल्याने राखेच्या विटा बीडकरांना नव्या नाहीत. ठोकळा मऊ आहे म्हणून त्याची धूळ मऊ होत नाही.

उपाय साधा आहे. पाणी. ठोकळा किंवा दगड ओला ठेवून कोरायचा, अधूनमधून पाणी मारत राहायचं. ओला कण जड होऊन खाली पडतो आणि हवेत जातच नाही. हाच ओलावा टाकीचं टोक थंड ठेवतो आणि दगडातली चीर उघडी करतो, कारण ओला दगड वाळताना चिरेपाशी ओल जास्त वेळ टिकते आणि तिथे काळी रेघ दिसते. मूर्ती फुटण्याआधीच तुम्हाला कळतं. विजेच्या साध्या ग्राइंडरवर मात्र पाणी मारायचं नाही, शॉक बसतो. त्यासाठी पाण्याची सोय असलेली यंत्रं असतात आणि वायरिंगला वीजगळती रोखणारा स्विच लागतो.

तोंडावर गमछा बांधणं पुरेसं नाही. त्याच्या धाग्यांमधल्या फटी या कणांसाठी वेशीएवढ्या आहेत. एन-९५ मास्क ०.३ मायक्रोमीटरचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. काम उघड्यावर करावं, वाऱ्याकडे पाठ न करता वारा बाजूने घ्यावा, म्हणजे धूळ तोंडासमोर घुटमळत नाही. कामाचे कपडे घरात झटकू नयेत. त्यांतली धूळ घरातल्या मुलांच्या छातीत जाते. डोळ्यांना बाजू झाकणारा चष्मा हवा. कपची समोरूनच येते असं नाही, ती भिंतीवर आपटून बाजूनेही येते.

शिकायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी माती, मग सिपोरेक्स, मग काळा दगड. आणि या सगळ्याबरोबर बघणं. धर्मापुरीला किंवा बीड शहरात कुंडातल्या कंकालेश्वराला सकाळी किंवा संध्याकाळी जा, उन्हं तिरपी असताना. दुपारच्या उन्हात मूर्ती सपाट दिसते. तिरप्या उन्हात कुठला भाग किती खोल घेतला आहे, कापडाची चुणी किती हलक्या हाताने काढली आहे, ते कळतं. मूर्तीला हात लावू नका, घामाने दगड खराब होतो.

शेवटचं सांगणं मूर्ती करणाऱ्यांना नाही, करवून घेणाऱ्यांना आहे. गावात देऊळ बांधताना, पुतळा बसवताना समिती दगड, उंची आणि किंमत ठरवते. त्याच बैठकीत कारागिराला आणखी तीन प्रश्न विचारा. काम पाणी मारून होणार का, कारागिरांना चांगले मास्क आणि चष्मे आहेत का, वर्षातून एकदा त्यांच्या छातीची तपासणी होते का? उत्तर नाही असं आलं तर त्याचा खर्च किमतीत धरा आणि सोय झाल्यावरच काम सुरू करायला सांगा.